तुम्ही विचारलंत म्हणून: चंद्रावर माणूस उतरला तेव्हा मी कुठे होतो

जुलै उजाडला की फोन सुरू होतात. हल्ली ऑगस्टमध्येही येतात, कारण २३ ऑगस्ट हा राष्ट्रीय अंतराळ दिन झालाय आणि त्या दिवशी प्रत्येक शाळेला कुणीतरी बोलणारा हवा असतो. प्रश्न ठरलेला. "सर, नील आर्मस्ट्राँग चंद्रावर उतरला ते तुम्ही टीव्हीवर लाइव्ह पाहिलंत ना? कसं वाटलं होतं?" माझे जुने विद्यार्थी विचारतात, त्यांची मुलं विचारतात, सोसायटीत गणपतीच्या मीटिंगला भेटलेले लोक विचारतात.

त्या प्रश्नातल्या "ना"ला मी स्वतः जबाबदार आहे. एकतीस वर्षं मी विज्ञान शिकवलं आणि दर वर्षी सूर्यमालेच्या धड्याला ती गोष्ट सांगितली. मुंबईत विखुरलेल्या शेकडो लोकांच्या डोक्यात मीच ती बसवली आहे.

तर उत्तर असं: नाही. मी पाहिलं नाही. पाहणं शक्यच नव्हतं. जुलै १९६९ मध्ये मुंबईत टीव्ही नव्हता. अख्ख्या देशात तो फक्त दिल्लीत होता. मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला, आणि त्यानंतर अडीच-एक महिन्यांत शेवटचं अपोलो यान चंद्रावर जाऊन परतसुद्धा आलं. म्हणजे चंद्रावर माणसं चालत होती ती सगळी वर्षं, अगदी शेवटचे काही आठवडे सोडले तर, आमच्या शहरात ते बघायला पडदाच नव्हता.

एवढं सांगून फोन ठेवता येतो. ठेवतोही. पण मग पलीकडून आवाज येतो, "सर, तुम्ही तर आम्हाला वर्गात सांगितलं होतंत." तिथे माझी जीभ अडते. म्हणून एकदाच लिहून टाकतोय.

वर्गात सांगायचो ती गोष्ट अशी. रात्र. बाहेर धो धो पाऊस. आमची गिरगावातली चाळ, गल्लीच्या टोकाला एका पारशी डॉक्टरांचं घर. त्यांच्याकडे लाकडी शटरचा टीव्ही. चाळीतली वीस-पंचवीस माणसं ओल्या छत्र्या दाराशी ठेवून हॉलमध्ये दाटीवाटीनं बसलेली. पडद्यावर नुसत्या मुंग्या, आणि त्या मुंग्यांमधून एक पांढुरकी आकृती शिडीवरून हळूहळू खाली येते. मी बाबांना खेटून बसलोय. कुणीतरी पडद्याला हात जोडतं. आर्मस्ट्राँगचा पाय चंद्राला लागतो आणि हॉलमध्ये कुणीच काही बोलत नाही.

ही गोष्ट मी बनवली नव्हती. हे मला फार कळकळीनं सांगायचंय, कारण २०१९ नंतर काही जणांनी "सर थापा मारायचे" असं म्हटल्याचं माझ्या कानावर आलंय. थाप मारणाऱ्याला आपण थाप मारतोय हे ठाऊक असतं. मला नव्हतं. मला ती खोली दिसते. आजही डोळे मिटले तर दिसते, छत्र्यांखाली साचलेल्या पाण्यासकट. डॉक्टर होते, त्यांचा शटरचा टीव्ही होता, आम्ही तिथे जमिनीवर बसायचो, हे सगळं खरं आहे. फक्त ते १९७३ नंतरचं आहे. तिथे आम्ही छायागीत पाहिलं, रविवारचे सिनेमे पाहिले. चंद्र पाहिला नाही.

आणि तरीही स्वतःला सोडून देता येत नाही अशी एक गोष्ट आहे. मी विज्ञानाबरोबर भूगोलाचेही तास घ्यायचो. रेखावृत्तं, प्रमाणवेळ, साडेपाच तासांचा फरक हे सगळं फळ्यावर आकृत्या काढून शिकवायचो. आर्मस्ट्राँगनं चंद्रावर पाय ठेवला तेव्हा ग्रिनिचला २१ जुलैची पहाट होती, दोन वाजून छप्पन्न मिनिटं. त्यात साडेपाच तास मिळवा. सकाळचे ८ वाजून २६ मिनिटं. वार सोमवार. गिरगावात तेव्हा लख्ख उजेड होता, नळ येऊन गेला होता, माणसं डबे घेऊन चर्नी रोड स्टेशनकडे निघाली होती. रात्र अमेरिकेत होती. ह्यूस्टनला रात्रीचे दहा वाजायला आले होते. मी पुढे पुस्तकांत आणि मासिकांत अमेरिकन माणसांच्या आठवणी वाचल्या, अंथरुणातून उठवून टीव्हीसमोर बसवलेल्या मुलांच्या, आणि त्यांची रात्र उचलून माझ्या गल्लीत आणून ठेवली. ही बेरीज मी माझ्या मुलांकडून शंभर वेळा करून घेतली असेल. माझ्याच गोष्टीला एकदाही लावली नाही.

आता २० जुलै २०१९. यावर मी आजवर कुणाशी बोललो नाही.

शनिवार होता. उपनगरातल्या एका वाचनालयानं चांद्रावतरणाला पन्नास वर्षं झाली म्हणून कार्यक्रम ठेवला होता आणि मी वक्ता होतो. वातावरण भारलेलं होतं. चांद्रयान-२ चं उड्डाण १५ जुलैला अवघी छप्पन्न मिनिटं उरली असताना थांबवलं होतं आणि आता ते सोमवारी, २२ तारखेला, व्हायचं होतं. हॉल भरला होता. पहिल्या दोन रांगांत माझे जुने विद्यार्थी होते, काही जण पोरांना घेऊन आलेले. दुसऱ्या रांगेत कडेला माझी ताई बसली होती. ती डोंबिवलीहून मुद्दाम आली होती. माझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठी. माझं जाहीर भाषण तिनं त्याआधी कधी ऐकलंच नव्हतं.

मी गोष्ट सांगितली. पाऊस, छत्र्या, शटरचा टीव्ही, शिडी. चांगली सांगितली. लोक अगदी गप्प होऊन ऐकत होते.

प्रश्नोत्तरांत मागून एक कॉलेजचा मुलगा उभा राहिला. अतिशय नम्रपणे म्हणाला, "सर, एक शंका आहे. मुंबई दूरदर्शन १९७२ साली सुरू झालं ना? मग १९६९ ला टीव्हीवर कसं दिसलं?"

इथे मला म्हणता आलं असतं, अरे खरंच, मी तपासून बघतो. विज्ञानाच्या शिक्षकानं दुसरं काय म्हणायचं असतं? तेच तर मी आयुष्यभर शिकवत आलो. त्याऐवजी मी म्हणालो की त्या दिवसापुरती काही खास सोय केली असेल. तो म्हणाला, "पण सर, केंद्रच नव्हतं." मी म्हणालो, "बाळा, तू तेव्हा जन्मलाही नव्हतास. मी तिथे होतो." कुणीतरी हसलं. तो मुलगा उभाच राहिला होता, हातात फोन धरून, आणि त्याचा चेहरा लाल झाला होता. मग मी जे केलं त्याची आजही लाज वाटते. मी म्हणालो, "माझी मोठी बहीण इथे बसली आहे. तिलाच विचारा."

माइक रांगेतून हातोहात ताईकडे गेला. ती उठली. माइक तोंडापासून फार लांब धरला होता, कुणीतरी तो जवळ सरकवला. तिनं माझ्याकडे पाहिलं. किती वेळ, सांगता येत नाही. मग म्हणाली, "मला आता नीटसं आठवत नाही. लहान होतो हो आम्ही."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या मुलानं "सॉरी सर" म्हटलं आणि खाली बसला. आणि मला, खरं सांगतो, हायसं वाटलं. शाल-श्रीफळ घेतलं, फोटो काढले.

तिला सोडायला स्टेशनवर गेलो. पाऊस थांबून थांबून पडत होता. बाकड्यावर बसलो. डोंबिवलीला थांबणारी एक गाडी गेली, ती उठली नाही. दुसरी गेली. मला वाटलं गर्दी बघून थांबली असेल. तिसरीची घोषणा झाली तेव्हा तिनं समोर रुळांकडे बघतच म्हटलं, "तू झोपला होतास, बाळ्या."

मी म्हटलं, कधी?

"ते उतरले तेव्हा. तूही झोपला होतास, बाबाही झोपले होते. आई मध्ये मध्ये उठून मला बघून जात होती. जागी मी होते."

मी विचारलं, "मग तुला आठवतं?"

"मिनिटामिनिटाचं आठवतं."

"मग तिथे का नाही बोललीस?"

"तुझी मुलं बसली होती समोर," ती म्हणाली. गाडी आली, ती बायकांच्या डब्यात चढली, आणि मी फलाटावर हातात ती शाल घेऊन उभा राहिलो.

ज्या माणसाला त्या दिवसाचं खरोखर सगळं आठवत होतं, त्याच माणसाला मी भरल्या सभेत उभं करून "मला आठवत नाही" म्हणायला लावलं. मी गोष्टीत टीव्ही घातला, डॉक्टर घातले, बाबा घातले, हात जोडणारी कुणीतरी बाई घातली. ताई त्यात कुठेच नव्हती. एकतीस वर्षांत एकदाही नव्हती.

पुढच्या आठवड्यात मी डोंबिवलीला गेलो आणि तिच्याकडून सगळं ऐकलं. ते असं.

आमच्या मजल्यावर कोपऱ्यातल्या खोलीत गोदीत काम करणारे एक काका राहायचे. त्यांच्याकडे व्हॉल्व्हचा मोठा रेडिओ होता आणि गॅलरीत या टोकापासून त्या टोकापर्यंत जाळीची एरियल ताणलेली. २० जुलैच्या रविवारी रात्री त्यांनी शॉर्टवेव्हवर व्हॉइस ऑफ अमेरिका लावलं. चाळीत त्या दोन दिवसांत चंद्रापेक्षा बँकांची चर्चा जास्त होती, कारण शनिवारीच सरकारनं चौदा बँका ताब्यात घेतल्या होत्या आणि त्यातल्याच एकीत आमचे बाबा कारकून होते. सोमवारी कामावर गेल्यावर काय निघेल या काळजीत ते लवकर आडवे झाले. ताई पंधरा वर्षांची. आईनं एका अटीवर जाऊ दिलं: काकांच्या खोलीचं दार उघडं राहिलं पाहिजे आणि हिनं उंबऱ्यावर बसलं पाहिजे. ती उंबऱ्यावर बसली. पाठीमागून गॅलरीतला पाऊस अंगावर येत होता, पुढून रेडिओची खरखर.

मराठी शाळेतल्या मुलीला त्या अमेरिकन इंग्रजीतलं किती कळणार? ती म्हणाली, आकडे कळत होते. एक माणूस सारखा आकडे सांगत होता आणि ते लहान लहान होत चालले होते. मग तो म्हणाला, पिकिंग अप सम डस्ट. काकांनी सांगितलं, धूळ उडतेय. "चंद्रावर धूळ असते हे तोवर मला कुणी सांगितलंच नव्हतं," ताई म्हणाली. "मला वाटायचं तो काचेसारखा असेल. गुळगुळीत."

मी तिला समजावून सांगितलं की ते आकडे आर्मस्ट्राँगसोबत यानात असलेला ऑल्ड्रिन सांगत होता, पृष्ठभागापासूनची उंची फुटांमध्ये. उतरताना यानाचा कॉम्प्युटर पुन्हा पुन्हा धोक्याचा इशारा देत होता, समोर मोठमोठे धोंडे पसरलेले दिसले म्हणून आर्मस्ट्राँगनं यान स्वतः चालवत पुढे नेलं, आणि टेकले तेव्हा उतरण्यापुरतं इंधन मिनिटभराचंही उरलेलं नव्हतं. ती शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "हो, म्हणूनच तो मधेच इतका वेळ थांबला असेल. मी श्वास धरून ठेवला होता." तिच्याकडे त्या रात्रीचा आवाज होता. माझ्याकडे पुस्तकातली कारणं होती.

आपल्या घड्याळाप्रमाणे रात्री १ वाजून ४७ मिनिटांनी ते उतरले. काकांनी तिला साखर दिली हातावर. ती खोलीत आली, मला हलवून पाहिलं, मी उठलो नाही.

वेळापत्रकाप्रमाणे यानातून बाहेर यायचं होतं आपल्या दुपारच्या सुमाराला. पण आर्मस्ट्राँग आणि ऑल्ड्रिन विश्रांती न घेता काही तास आधीच बाहेर पडायला निघाले. माझी शाळा सकाळची. मी गेलो होतो. ताईची दुपारची. आठ सव्वीसला ती पुन्हा त्याच उंबऱ्यावर होती. बारा-साडेबाराला मी घरी आलो, आणि मी आमटी-भात जेवत असताना तिनं मला सगळं सांगितलं. शिडी कशी होती, तो एकेक पायरी कसा उतरला, शेवटच्या पायरीवर कसा थांबला. तिनंही पाहिलं नव्हतं. ऐकलेल्या आवाजावरून, उमगलेल्या चार शब्दांवरून तिनं ते सगळं मला उभं करून दाखवलं.

मला जे "दिसतं" ते मुळात तिथून आलंय. ताईनं वाढलेल्या ताटासमोर.

मग शिडी कुठून आली, ती मुंग्या मुंग्यांची पांढुरकी आकृती? तेही उलगडलं. त्या वर्षीच्या गणेशोत्सवात गल्लीत आडवा पडदा बांधून सिनेमा दाखवले, त्यात एक रात्र चंद्रावरची फिल्म होती. गल्लीत पडद्याच्या दोन्ही बाजूंना माणसं बसायची. पुढची जागा मोठ्यांची, आम्ही पोरं मागे. मागून चित्र उलटं दिसतं. पुढे मोठेपणी ती दृश्यं टीव्हीवर आणि नंतर इंटरनेटवर किती वेळा पाहिली, आणि प्रत्येक वेळी मला काहीतरी खटकायचं. शिडी भलत्या बाजूला आहे असं वाटायचं. त्याचं कारण मी कधी शोधलं नाही. ताई म्हणाली, "तुम्ही पोरं मागे बसला होतात ना, तुम्हाला उलटंच दिसलं असणार." ती स्वतः पुढे बसली होती का, हे मी विचारलं. नव्हती. ती वरून गॅलरीतून बघत होती.

त्याच ऑक्टोबरमध्ये आर्मस्ट्राँग, ऑल्ड्रिन आणि त्यांचा तिसरा साथीदार कॉलिन्स जगभर फिरताना मुंबईत आले होते. बाबा मला बघायला घेऊन गेले. इतकी गर्दी की मला माणसांच्या पाठींपलीकडे काही दिसलं नाही. ताईला नेलं नव्हतं. गर्दीत मुलीला कशाला, असं घरात ठरलं. यावर मी आता काय लिहू? मी दहा वर्षांचा होतो, मला काही वाटलं नाही. वाटायला हवं होतं हे मला साठाव्या वर्षी कळलं.

एक बचाव मी स्वतःच्या बाजूनं अनेकदा करून पाहिलाय. जगानं तरी काय पाहिलं? चंद्रावरचा कॅमेरा सेकंदाला दहा चित्रं पाठवत होता, घरोघरच्या टीव्हीवर ती चालत नव्हती. म्हणून पृथ्वीवरच्या केंद्रांत आलेलं चित्र एका पडद्यावर दाखवायचे आणि त्या पडद्यासमोर दुसरा टीव्ही कॅमेरा लावून ते जगाला पाठवायचे. साठ कोटी लोकांनी पाहिलं म्हणतात, ते पडद्यावरून घेतलेलं चित्र होतं. पाऊल टाकतानाचं दृश्य ऑस्ट्रेलियातल्या हनीसकल क्रीकमधून आलं, नंतर पार्क्सच्या मोठ्या दुर्बिणीतून. आणि ज्या टेप्सवर मूळ, स्वच्छ संकेत नोंदवले होते, त्या बहुतेक पुसून पुन्हा वापरल्या गेल्या असं नासानं २००९ मध्ये जाहीर केलं. मूळ आता कुणाकडेच नाही.

पण हा बचाव मला पुरत नाही. नासाकडे मूळ टेप नाही. माझ्याकडे होती. डोंबिवलीला होती, दर भाऊबीजेला समोर बसायची, आणि मी पन्नास वर्षांत एकदाही विचारलं नाही.

माझ्यातला जुना मास्तर अजूनही वाद घालतो. तो म्हणतो, त्या गोष्टीनं मुलं विज्ञानाकडे वळली. ते खोटं नाही. माझा एक विद्यार्थी आज अवकाश क्षेत्रात काम करतो आणि तो मला सांगतो की त्या तासाला त्यानं ठरवलं. आता त्याला काय सांगू? की तुझा निर्णय एका पुसट आठवणीवर उभा आहे? मी मास्तरला म्हणतो, उंबऱ्यावर बसून आकडे ऐकणाऱ्या मुलीची गोष्ट सांगितली असतीस तर वर्गातल्या मुलींपैकीही कुणी ठरवलं असतं. तो म्हणतो, पडद्याशिवाय पोरं ऐकत नाहीत. मी म्हणतो, तू कधी सांगून पाहिलंस? इथे आम्ही दोघे थांबतो.

आणि मुंबईची खरी गोष्ट माझ्या गोष्टीहून किती मोठी होती! अपोलोनं आणलेल्या चंद्रावरच्या नमुन्यांपैकी काही या शहरात आले होते. कुलाब्याला, टाटा मूलभूत संशोधन संस्थेत. प्रा. देवेंद्र लाल यांच्या गटानं त्यांचा अभ्यास केला. अवकाशातून येणारे जड अणुकेंद्रक खनिजांच्या स्फटिकात घुसले की सूक्ष्म चरे उमटतात. रसायनानं ते चरे मोठे करून सूक्ष्मदर्शकाखाली मोजले की तो दगड चंद्राच्या पृष्ठभागावर किती काळ उघडा पडला होता याचा अंदाज येतो. लाल यांच्यासोबत काम केलेले जितेंद्रनाथ गोस्वामी पुढे चांद्रयान-१ चे प्रमुख शास्त्रज्ञ झाले. माझ्या शाळेपासून कुलाबा बसनं पाऊण तासावर. ताईला ज्या धुळीचं नवल वाटलं होतं, ती धूळ खरोखरच मुंबईत येऊन गेली, आणि मी मुलांना डॉक्टरांच्या टीव्हीबद्दल सांगत बसलो.

ताईबद्दल थोडं. एस.एस.सी.ला तिला चांगले मार्क होते. सायन्सला जायचं होतं. बाबांच्या पगारात एकाचंच कॉलेज होण्यासारखं होतं. ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून लागली आणि निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिली, कानाला हेडफोन, लांबून येणारे आवाज एकमेकांना जोडून देत. माझ्या बी.एस्सी.ची फी तिच्या पगारातून गेली. हे ती कधीच बोलून दाखवत नाही. मीही, आजवर, चारचौघांत कधी बोललो नव्हतो.

त्या कॉलेजच्या मुलाचा नंबर मी वाचनालयातून मिळवला आणि त्याला सांगितलं, तुझं बरोबर होतं, माझं चुकलं. तो "ठीक आहे सर" म्हणाला. त्याच्या आवाजात काही फरक जाणवला नाही. कदाचित तो विसरलाही असेल. पण हॉलमधल्या बाकीच्यांना हे सांगायचं राहिलं ते राहिलंच.

मग २०१९ चा सप्टेंबर. चांद्रयान-२ चं विक्रम हे यान चंद्रावर उतरताना संपर्क तुटला. मी पहाटेपर्यंत टीव्हीसमोर बसलो होतो, एकटा. ताईला फोन करायचा धीर झाला नाही.

२३ ऑगस्ट २०२३ ला मी दुपारीच तिच्याकडे गेलो. चांद्रयान-३. इस्रोचं प्रक्षेपण ऐंशी लाखांहून जास्त लोक एकाच वेळी यूट्यूबवर पाहत होते, आम्ही तेच मोठ्या पडद्यावर लावलं होतं. नातवंडं, शेजारी, सगळे जमलेले. शेवटच्या टप्प्यात उंची आणि वेग सांगायला लागले. मी बाजूला बघितलं तर ताई डोळे मिटून बसलेली. मला वाटलं डुलकी लागली. मी तिच्या हाताला हात लावला. ती म्हणाली, "थांब जरा. आकडे ऐकू देत."

६ वाजून ४ मिनिटांनी विक्रम टेकला. सगळे ओरडले, मी रडलो. ताईनं डोळे उघडले आणि विचारलं, "धूळ किती उडाली, सांगितलं का?" तेव्हा सांगितलं नव्हतं. नंतर अभ्यासातून आलं की उतरताना दोन टनांहून जास्त माती उधळली गेली होती. मी लगेच तिला फोन करून सांगितलं.

दुसरा प्रश्नही विचारला जातो, की आता पुन्हा चंद्र कशाला, एकदा झालं की. याला मी चिडून उत्तर देतो, तसं द्यायला नको हे माहीत असूनही. काय झालं एकदा? बारा माणसं गेली, सगळी विषुववृत्ताच्या आसपासच्या पट्ट्यात उतरली, तीन-साडेतीन वर्षांत सगळं आटोपलं. त्यांनी ३८२ किलो दगडमाती आणली आणि तिच्यावर अजून काम चालू आहे. चंद्रावर पाण्याचा अंश आहे हे चांद्रयान-१ वरच्या उपकरणानं २००९ मध्ये दाखवलं, म्हणजे शेवटचा माणूस परतल्यावर छत्तीस-सदतीस वर्षांनी. पलीकडच्या बाजूची माती पृथ्वीवर पहिल्यांदा आली ती २०२४ मध्ये, चीनच्या यानातून. दक्षिण ध्रुवाजवळच्या ज्या विवरांत ऊन कधीच पोचत नाही, तिथला बर्फ अजून कुणी हातात घेतलेला नाही. एका घराच्या उंबऱ्यावर बसून आलो म्हणून घर पाहिलं असं कुणी म्हणेल का?

चांद्रयान-४ ला सप्टेंबर २०२४ मध्ये मंजुरी मिळाली आहे. ते तिथली माती इथे आणणार आहे. भारतीय माणूस २०४० पर्यंत चंद्रावर उतरवायचं उद्दिष्ट आहे. तेव्हा मी एक्याऐंशीचा असेन, ताई शहाऐंशीची. मला ते बघायचंय. अगदी हावरटासारखं बघायचंय, हे मान्य करतो. जे दहाव्या वर्षी झोपेत हुकलं, ते जागेपणी हवंय. ताईला विचारलं तर ती म्हणते की उतरणारी बाई असेल तर मी जगते तोवर.

या वर्षीही २३ ऑगस्टसाठी एका शाळेचा फोन आलाय. विषय तोच, "मी पाहिलेलं चांद्रावतरण". मी त्यांना कळवलं की विषय बदला, आणि बोलायला मी नाही, माझी बहीण येईल. बाईंनी विचारलं, त्या शिक्षिका होत्या का? मी म्हटलं, ऑपरेटर होत्या. त्या जरा थांबल्या, मग "चालेल" म्हणाल्या.

ताई अजून हो म्हणालेली नाही.